चाकामागचा दगड

धनत्रयोदशीला भंडाऱ्यात कोणी काय विकत घ्यावे, हे ठरलेले आहे. ऐपत असेल त्याने सोन्याचा मणी घ्यावा, नसेल त्याने पितळेचे भांडे घ्यावे. आणि आमचे गाव पितळेच्या भांड्यांसाठीच दूरवर नावाजलेले असल्यामुळे दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला इथे फारसे ओशाळे वाटत नाही. २०२४ च्या धनत्रयोदशीला आमच्या घरी पितळेचा एक गुंड यायचा होता. तो आला नाही. त्याऐवजी मी पुठ्ठ्याचे एक खोके घेऊन आलो. सौभाग्यवतींनी ते उघडून आत डोकावले. आत तळहातावर मावतील अशा चार काळ्या, जाडजूड लोखंडी वड्या होत्या.

“हे काय?”

“ब्रेकपॅड. गाडीच्या पुढच्या चाकांचे.”

“यांची पूजा करायची?” तिने विचारले.

तिच्या स्वरात उपरोध किती आणि खरी शंका किती, हे अडतीस वर्षांच्या संसारानंतरही मला सांगता येत नाही. पण तिने पूजा केली. पाटावर खोके ठेवले, दिवा लावला, आणि हळदकुंकवाचे बोट पुढे केले तसा मी किंचाळलोच, “समोरून नको! मागच्या पत्र्याला लाव!” ब्रेकपॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेल, तूप, ग्रीस यांतले काही लागता कामा नये, एवढे ज्ञान मी तोपर्यंत मिळवलेले होते, आणि कुंकवात मेण असते की नाही, हे मला ठाऊक नव्हते. तिने मुकाट्याने वड्या उलट्या केल्या आणि त्यांच्या पाठीला कुंकू लावले. हे कुंकू पुढे एकदा उपयोगी पडले, म्हणून त्याचा उल्लेख आधीच करून ठेवतो.

गाडी म्हणजे माझी जुनी आल्टो. २०१२ साली घेतलेली. मास्तरकीच्या पैशांतून घेतलेली वस्तू माणूस जरा जास्तच जपतो. तिला श्रावणापासून एक सवय लागली होती: ब्रेकवर पाय ठेवला की डाव्या बाजूने बारीक शीळ ऐकू येई. प्रथम मला वाटले, एखादा पक्षी असेल. पक्षी दर चौकात बोलू लागला तेव्हा मी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या पोराने चाकाच्या भोकातून आत वाकून पाहिले आणि सांगितले, “पॅड आहे अजून. दहा हजार किलोमीटर आरामात चालते.” मी समाधानाने परतलो. बाहेरून चांगले दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास टाकायला आपल्याला फार आवडते.

त्या शिळेचा अर्थ मला पुढे कळला. पॅडच्या अंगाला पोलादाची एक छोटी जीभ लावलेली असते. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण सेंटिमीटरभर जाड. तो झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही जीभ फिरत्या तबकडीला टेकते आणि ओरडू लागते. म्हणजे बिघाड ओरडत नसतो, बिघाडाची वर्दी ओरडत असते. दसऱ्यानंतर शीळ थांबली आणि खरखर सुरू झाली. तोपर्यंत गावातली सगळी गॅरेजे दिवाळीच्या गिऱ्हाइकांनी तुंबलेली. “भाऊबीज झाल्यावर आणा,” हेच उत्तर सगळीकडे. आणि मला तर गाडी हवी होती भाऊबीजेलाच. पवनीला ताईकडे जायचे होते. कारधा, पहेला, अड्याळ करत पंचेचाळीसएक किलोमीटरचा रस्ता.

आता कोणी म्हणेल, बसने जावे. कोणी असेही म्हणेल, की ज्याचा सख्खा धाकटा भाऊ लाखनीला राष्ट्रीय महामार्गावर गॅरेज चालवतो, तीस-पस्तीस वर्षे ट्रकांखाली निजतो, त्याने या गॅरेजातून त्या गॅरेजात कशाला हिंडावे? भंडाऱ्याहून लाखनी ती किती! पण वीस-बावीस किलोमीटरचे अंतर सहा वर्षांत मी एकदाही कापलेले नव्हते. बाबा २०१७ साली गेले. पुढच्या वर्षी वाटणी झाली. मामा तलावाच्या पाळीखालची बांधी, पाण्याजवळची, माझ्या नावावर आली आणि धाकट्याकडे वरची, पावसाच्या भरवशाची. मी मास्तर, मला धानाची शेती करायची नव्हती, मी ती ठेक्याने दिली. मग बांधीच्या धुऱ्यावरून बोलाचाली झाली, मोजणी झाली, तलाठ्याकडे कागद गेले. झाडीपट्टीतल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको; इथे हातभर धुऱ्यासाठी माणसे हातभर अंतरावर राहून जन्मभर बोलत नाहीत. ताईकडे भाऊबीजेला मी सकाळी जात असे आणि तो संध्याकाळी. ताई दोनदा पाट मांडी, दोनदा ओवाळी. एका शब्दाने तिने कधी विचारले नाही, याचा मला राग येई.

तेव्हा मी ठरवले, की पॅड आपणच बदलायचे. एकतीस वर्षे मी आठवीपासून दहावीपर्यंतच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवले आहे. पास्कलचा नियम मी फळ्यावर नव्हे, इंजेक्शनच्या दोन नळ्या प्लास्टिकच्या नळीने जोडून शिकवीत असे: बारीक नळीचा दट्ट्या दाबा, जाड नळीचा दट्ट्या वर उचलला जातो, आणि त्याच्यावर ठेवलेले पुस्तकही उचलले जाते. गाडीचा ब्रेक म्हणजे हेच. पायाखालचा दांडा दाबला की बंद नळ्यांतल्या तेलावर दाब पडतो. तो दाब जसाच्या तसा चाकाजवळच्या पिस्टनपर्यंत जातो. पिस्टन आतल्या पॅडला तबकडीवर ढकलतो, आणि त्या प्रतिक्रियेने पॅडे धरणारा अख्खा चिमटा आत सरकून बाहेरच्या पॅडलाही दुसऱ्या बाजूने तबकडीवर आवळतो. गाडीचा वेग म्हणजे ऊर्जा; ती नाहीशी होत नाही, तबकडी तापते. वेग दुप्पट केला तर जिरवायची उष्णता चौपट. हे सारे मला तोंडपाठ होते. मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, “बाबा, मोबाइलवर दोन-चार चित्रफिती तरी बघा.” मी म्हटले, “पास्कलने कोणत्या बघितल्या होत्या?” तरी रात्री गुपचूप तीन पाहिल्या.

या तयारीच्या काळात मी जरा वाचनही केले, आणि मला एक बाई भेटली. तिचे नाव बेर्था बेंझ. तिच्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, तीन चाकांची मोटार बनवली होती. पण ती विकत घ्यायला कोणी धजेना. तेव्हा १८८८ सालच्या ऑगस्टात ही बाई नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिखार्ड या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून निघाली आणि शंभर किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला पोचली. कुठे? तर माहेरी! मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका बाईने आईला भेटायला जाण्यासाठी केला, हे कळल्यावर मला त्या यंत्राबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला. वाटेत तिने इंधन औषधांच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने साफ केली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा एका गावच्या चांभाराला गाठून तिने त्यांवर चामड्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. माझ्या खोक्यातल्या त्या चार काळ्या वड्यांची ही पणजी. पुढे १९०२ साली लँचेस्टर नावाच्या इंग्रज गृहस्थाने तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने दोन्ही बाजूंनी तांब्याच्या पट्ट्या लावल्या, आणि त्या ब्रेकने अशा काही किंकाळ्या फोडल्या म्हणतात, की ऐकणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. धातूवर धातू घासला की काय होते, हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. कासारांच्या आळीत जन्म काढलेले लोक आम्ही. मग तांब्याच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉस आले, आवाज थांबला. आणि कित्येक वर्षांनी कळले की त्याची धूळ फुप्फुसे खाते, तेव्हा तेही मागे पडले. जुन्या पॅडची धूळ तोंडाने फुंकू नये म्हणतात, ते यासाठीच.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले. उटण्याचा वास अंगाला असतानाच मी अंगणात गेलो, आणि नऊ वाजेपर्यंत माझ्याकडे पाहून कोणी म्हणाले नसते की हा मनुष्य आज आंघोळ करून आला आहे. काम पुस्तकाप्रमाणे झाले. मागच्या चाकांना विटा लावल्या. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे सरकवले. चाक काढले. चिमट्याला मागून दोन पिनांवर धरलेले असते. खालचा बोल्ट काढला आणि चिमटा वर उचलून तारेने बांधून ठेवला, कारण तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो. आणि मग पॅड हातात आले.

बाहेरचे पॅड खरोखरच चांगले होते. गॅरेजातल्या पोराने खोटे सांगितलेले नव्हते. आतले पॅड मात्र उरलेच नव्हते. नुसता पत्रा. तो पत्राच तबकडीवर घासत होता आणि तबकडीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर पडले होते. एकाच चाकात, एकाच तबकडीच्या दोन बाजूंना बसलेली ही दोन पॅडे, एकाच दिवशी बसवलेली. एक धडधाकट आणि दुसरे झिजून नाहीसे झालेले. हे असे का व्हावे, असा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला पडायला हवा होता. मला तो पडला नाही. मला उरकायचे होते. पिस्टन शिकंजाने मागे दाबला, नव्या जाड पॅडला जागा केली, पिनांना वरवर ग्रीस चोपडले, पॅडे बसवली. दुसरे चाकही तसेच केले. एका बाजूचे बदलून चालत नाही. गाडी एका अंगाला ओढते. चाके चढवली, जॅक काढला, विटा उचलल्या. फार छान वाटले. बायकोला हाक मारून दाखवावे असे वाटले.

आमचे अंगण फाटकाकडे किंचित उतरते. फाटकात माझी सात वर्षांची नात रांगोळी काढत बसली होती. मी गाडी सुरू केली. तिला दोन हात पुढे घेऊन सरळ लावावी, एवढाच विचार. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी माणसाच्या चालीने निघाली. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. थेट तळाला गेला. रोवणीच्या चिखलात पाय जातो ना, तसा. खाली काही लागतच नाही. पुन्हा दाबला. तेच. समोर नात रांगोळीच्या डब्यात बोट घालून रंग निवडत होती. मी काय केले, ते मला नीट आठवत नाही. डाव्या हाताने हँडब्रेक वर ओढला गेला, एवढे खरे. हँडब्रेक मागच्या चाकांना तारेने आवळतो, त्याचा तेलाशी संबंध नसतो, म्हणून तो लागला. गाडी हिसका देऊन बंद पडली. रांगोळीपासून दीड हातावर. नात वर पाहून म्हणाली, “आजोबा, पुढे नका येऊ ना, पुसेल.”

पिस्टन मागे लोटला की त्याच्या आणि पॅडच्या मध्ये मोकळी जागा उरते. ती भरून काढण्यासाठी गाडी हलवण्याआधी पाच-सात वेळा पायाने दाब द्यायचा असतो, पाय घट्ट लागेपर्यंत. तिन्ही चित्रफितींत ते सांगितलेले होते. माझ्या त्या दोन नळ्यांच्या खेळातही आधी हवेची पोकळी राहिली की पहिले दोन दाब फुकट जातात, हे मी दरवर्षी मुलांना दाखवीत असे, आणि मुले हसत असत.

बायको ओसरीवर उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. आत गेली, फोन घेऊन आली, आणि माझ्यासमोर उभी राहून माझ्या भावाला फोन लावला. मी नको म्हणालो नाही. नातीने तबकडीचा फोटो काढून त्याला धाडला; चाकाच्या भोकातून तो कसा काढला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. गाडी होती तिथेच राहिली, चारी चाकांना दगड लावून. पाडव्याच्या सकाळी धाकटा मोटारसायकलवर आला. मागे दोन नव्या तबकड्या बांधलेल्या. वहिनीच्या पाया पडला, नातीच्या हातात चॉकलेट दिले, आणि मला म्हणाला, “चाबी द्या.”

‘द्या’ म्हणाला. लहानपणापासून तो मला ‘तू’ म्हणत आला. आमच्याकडे थोरल्या भावाला ‘दादा, तू’ असेच म्हणतात. ही ‘तुम्ही’ वाटणीच्या कागदांबरोबर आली होती.

मी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसलो. पंचवीस मिनिटांत त्याने दोन्ही चाके उघडली. मला तीन तास लागले होते. माझी पॅडे बाहेर काढून त्याने उलटीसुलटी करून पाहिली.

“याच्यावर कुंकू कायचं जी?”

मी सांगितले. तो हसला. फार नाही, पण हसला. म्हणाला, “पॅड चांगले आहेत. ठेवू हेच.” आणि ती पुसून फडक्यावर ओळीने मांडली, कुंकू तसेच ठेवून.

मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. त्याच्या डाव्या हाताची करंगळी वरच्या पेरापासून वाकडी आहे, नख नाही. त्याचे कारण मी आहे. मी अकरा वर्षांचा होतो, तो सात. बाबा धानाची बंडी घेऊन मिलला निघाले होते. मामा तलावाच्या पाळीवर चढताना बैल दमले की बंडी थांबवायची आणि मागून चाकाला दगड लावायचा, हे आम्हां पोरांचे काम. दगड माझ्या हातात होता. पण पाळीवरून त्या दिवशी तलावात बगळ्यांचा एवढा थवा उतरलेला दिसला, की मी बघत राहिलो. बंडी मागे सरकली. बाबा ओरडले. धाकट्याने माझ्या हातातला दगड हिसकून चाकाखाली लोटला, आणि दगडाबरोबर बोटही गेले. बंडी थांबली. तो रडला नाही, हे मला नेहमी खटकत आले आहे. त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. तो नववीतून शाळा सोडून ट्रकवर क्लीनर झाला आणि मी डी. एड., बी. एस्सी., बी. एड. असा पायरी पायरीने चढत मास्तर झालो. बांधी वाटताना माझ्या वाट्याला पाण्याजवळची का यावी, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नव्हता.

“हे पाहा,” तो म्हणाला. चिमट्याची खालची पिन त्याने पान्याने फिरवून दाखवली. ती जागची हलत नव्हती. “ही जाम आहे. चिमटा या दोन पिनांवर सरकला पायजे, तवा दोन्हीकडचे पॅड सारखे घासतात. हा सरकतच नाही. मंग पिस्टन आतल्याच पॅडला दाबून राहिला. एकटंच घासलं थे.”

“पण पिन जाम कशी झाली?”

त्याने पिनेवरचे रबरी टोपण काढले. आत तांबूस चिखल वाळून बसला होता. तो नखाने खरवडून त्याने माझ्यापुढे धरला.

“पुराचं पाणी आहे हे, दादा.”

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा गावात शिरली होती. आमच्या आळीत गाडी चाकाच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती आणि आम्ही वरच्या मजल्यावर. पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, सीटा वाळवल्या, पुढच्या वर्षी एका गॅरेजात पॅडेही बदलून घेतली. पण त्या पिना उघडून कोणी पाहिल्या नाहीत. मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. त्या पुराच्या रात्री धाकट्याचा फोन आला होता. तीनदा आला होता. मी उचलला नव्हता. वाटले, पाणी पाहून गंमत विचारायला करत असेल. असे वाटणे शक्य होते, एवढ्या थराला मी गेलो होतो.

मी म्हटले, “तू त्या दिवशी फोन केला होतास.”

“रेंज नसन तुमच्याकडे,” तो म्हणाला, आणि पिनेवर हातोडीने हलके हलके ठोकू लागला.

पिन निघायला पाऊण तास लागला. तेल सोड, थोडी फिरव, पुन्हा मागे घे, पुन्हा फिरव. तो घाई करत नव्हता. ती बाहेर आली तेव्हा गंजलेली होती. त्याने ती फेकून दिली आणि खिशातून नवी काढली. फोटोत पिन दिसत नव्हती. एकाच बाजूचे पॅड झिजले म्हणताच त्याने लाखनीतच ओळखले असणार. नवी पिन ग्रीस लावून बोटाने आतबाहेर केली, आणि माझ्या हातात चिमटा देऊन म्हणाला, “सरकवून पाहा.” मी सरकवला. लोण्यातून गेल्यासारखा गेला.

तबकड्या बदलल्या, चाके चढली. त्याने मला गाडीत बसवले. “मारा पायडल.” पहिल्यांदा पाय खाली गेला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबला. चौथ्यांदा दगडासारखा घट्ट. मग त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहिली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. “चला. पॅड बसवा लागते.”

नवे पॅड आणि नवी तबकडी यांची ओळख करून द्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. पाडव्याची दुपार, रस्ता मोकळा. कारध्याचा पूल ओलांडून आम्ही पहेल्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना धान पिवळे पडलेले, कुठे कापणी सुरू. साठाचा वेग घ्यायचा, ब्रेक एकसारखा दाबून वीसवर आणायचा, पण थांबायचे नाही, सोडायचा, थोडे चालू द्यायचे, म्हणजे तबकडी निवते, पुन्हा. दहा-बारा वेळा. तापलेल्या तबकडीवर पॅड दाबून गाडी उभी केली तर तेवढ्याच जागी थर चिकटतो आणि पुढे जन्मभर पायाला थरथर लागते.

“दाबा,” तो म्हणे. “सोडा. चालू द्या.” पुढे काही वेळाने नुसते, “दाब... सोड.” आणि सातव्या की आठव्या वेळी, मी जरा जोरात दाबला तेव्हा, “अबे हळू ना दादा! तुले घाई कायची?”

मी काही बोललो नाही. वीसवर आणून सोडला.

संध्याकाळी तो गायगोधनाला गावी परतला. जाताना म्हणाला, की उद्या कारध्याच्या फाट्यावर उभा राहतो, तिथून मला घे. मोटारसायकलचे काय, असे मी विचारले नाही.

भाऊबीजेला तो तिथे उभा होता. हातात ताईसाठी लुगड्याची पिशवी आणि माझ्या नातीसाठी एक पिपाणी. ती पिपाणी पवनीपर्यंत वाजत राहिली. भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरू लागते. अड्याळच्या अलीकडे एका गावात ती भररस्त्यात होती: गोवाऱ्यांचा नाच, डफांचा आवाज, जिलबीच्या कढया, दंडारीचा मांडव, आणि लेकी-जावयांची गर्दी. मी पहिल्या गिअरवर चाललो होतो. फुग्यामागे धावत एक पोर एकदम पुढे आले. मी पाय ठेवला. गाडी तिथल्या तिथे थांबली, आवाजसुद्धा झाला नाही. पोराने फुगा धरला आणि आमच्याकडे न पाहता निघून गेले. मी शेजारी पाहिले. धाकट्याचा उजवा पाय त्याच्यासमोरच्या रिकाम्या जागी, पायपुसण्यावर, टाचेपर्यंत दाबलेला होता. त्याने तो सावकाश मागे घेतला.

धुऱ्याचा कागद अजून तलाठ्याकडेच आहे. त्या दिवशी गाडीत त्याचा विषय निघाला नाही. मी काढायला हवा होता. येताना काढीन असे मनाशी म्हटले होते, पण येताना नात आमच्या दोघांच्या मध्ये डोके घालून झोपली. पुढे काढला आहे. मोजणीवाल्यांना पुन्हा बोलवायचे की दोघांनीच दोरी धरून पाहायचे, एवढ्यावर गोष्ट आलेली आहे.

ताईचे घर पवनीला जुन्या वस्तीत, चढावर आहे. दारासमोर गाडी लावली की ती मागे उतरणीला असते. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, खाली उतरलो, आणि भिंतीशी पडलेला एक दगड उचलून मागच्या चाकाला लावला. पायाने दाबून घट्ट केला. धाकटा दार उघडून पाहत उभा होता.

“हँडब्रेक आहे ना, दादा. चांगला लागते थो.”

“असू दे,” मी म्हटले.

ताई दारात आली होती. तिने गाडीतून उतरलेल्या आम्हां दोघांकडे पाहिले, मग आत वळून सुनेला ओरडून सांगितले, “एकच पाट काय मांडला गं? दुसरा कुठं आहे?”